मानमोडीचे कोडे

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळी आटोपल्या, की एक पणती परसदारी जुन्या जात्यापाशी लावतात. तुळशीपाशी एक, उंबऱ्यावर दोन, गोठ्यात एक आणि ही जात्यापाशी. जाते आता कुणी ओढत नाही. दळण गिरणीतून येते. पण पणती चुकत नाही. लहानपणी मी आजोबांना विचारले होते, "ही कुणासाठी?" आजोबा म्हणाले, "माझ्या आईसाठी. मानमोडीत गेली ती."

मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. आमच्याकडची जुनी माणसे तिला याच नावाने ओळखत. आजोबा तेव्हा चार वर्षांचे होते. आईची आठवण म्हणून त्यांच्यापाशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती ते फारशी कुणाला सांगत नसत. मला एकदा सांगितली. "आई निजली होती. तिचे ओठ जांभळे पडले होते. मला वाटलं, मला न देता हिनं एकटीनंच जांभळं खाल्ली. मी रुसून बाहेर जाऊन बसलो." ऑक्टोबर महिन्यात जांभळे कुठली, हे कळण्याचे त्यांचे वय नव्हते. पुढे ते कळले, आणि तो रुसवा त्यांना जन्मभर पुरला.

ही गोष्ट माझ्या मनात तशीच पडून राहिली असती. पण २०२१ च्या ऑक्टोबरात दीड वर्षाच्या खंडानंतर आमची शाळा पुन्हा भरली, तेव्हा सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. त्या वर्षीच्या मे महिन्यात कोरोनाने तिची आई गेली होती. तिने विचारले, "सर, डॉक्टर म्हणाले, आईची फुप्फुसं गेली. फुप्फुसं जातात म्हणजे कुठं जातात?"

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कथा-कादंबऱ्या लिहितो. शास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकाबरोबर संपली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "पुढं कधीतरी सांगेन" म्हणालो. मास्तराने उत्तर टाळले, की ते पोराला बरोबर कळते. ती मान हलवून निघून गेली. त्या दिवसापासून ते जांभळे ओठ आणि हा प्रश्न माझ्या मनात एकमेकांशेजारी येऊन बसले. शंभर वर्षांच्या अंतराने दोन आया एकाच वाटेने गेल्या होत्या काय? जी थोडी पुस्तके आणि लेख हाती लागले, ते वाचून मी या कोड्याचा माग काढीत गेलो. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय जरा गंभीर आहे खरा. पण दिवाळीत आपण गेलेल्या माणसांचीही आठवण काढतोच की.

* * *

पहिले महायुद्ध शेवटच्या वर्षात होते. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस संस्थानातल्या कॅम्प फन्स्टन नावाच्या लष्करी छावणीत शेकडो शिपाई तापाने आजारी पडले. तेथून फौजांबरोबर हा ताप युरोपात गेला. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर पहारा होता. आजाराच्या बातम्या छापू देत नसत. स्पेन युद्धात नव्हता. तेथे राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडला, आणि ती बातमी उघड छापली गेली. झाले! सगळ्या जगाने त्या तापाला 'स्पॅनिश' ठरवून टाकले. खरे बोलणाऱ्याच्या माथी दोष येतो, तो असा.

मुंबईला ही साथ गोदीवाटे आली. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई ताप आला म्हणून इस्पितळात दाखल झाले. हिवतापाचा हा ताप नव्हता. थोड्याच दिवसांत कचेऱ्या, गिरण्या, तारखाते जिकडे तिकडे माणसे अंथरुणाला खिळू लागली. मुंबई नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉक्टर टर्नर यांनी हा आजार बाहेरून जहाजाने आला, असे म्हटले. सरकारी गोटातून मात्र, शहरातच तो पसरलेला होता आणि जहाजावरच्या लोकांना तो येथेच जडला, असे सांगण्यात आले. वाद चालू राहिला आणि साथ आगगाडीत बसून पुढे गेली.

पहिली लाट तशी सौम्य होती. तीन दिवस ताप, अंगदुखी, मग माणूस उठून कामाला लागे. जुलै अखेर सगळे निवळले असे वाटले. पण सप्टेंबरात तोच आजार परत आला, तो वेगळेच रूप घेऊन. घटस्थापनेच्या सुमारास, ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, चारा नाही, अंगात त्राण नाही, अशा स्थितीत ही लाट खेड्यापाड्यांतून फिरली. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली. साऱ्या हिंदुस्थानचा आकडा सरकारने प्रथम साठ लाख धरला होता. पुढच्या अभ्यासकांनी तो सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत नेला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक पुन्हा आले नाही. हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांची तरुण पत्नी आणि घरातली कितीतरी माणसे त्या लाटेत गेली.

मृत्यू सर्वांना सारखा, असे आपण म्हणतो. त्या वर्षीच्या मुंबईच्या हिशेबवह्या तसे म्हणत नाहीत. शहरातल्या युरोपियनांत हजारी सुमारे आठ माणसे गेली. ज्यांना त्या वेळचे कागद 'खालच्या जातीचे' म्हणतात, त्या आपल्याच भावंडांत हजारी एकसष्टाहून अधिक. एका खोलीत आठ-दहा माणसे, पोटात अन्न नाही, आजाऱ्याला वेगळे निजवायला जागा नाही आणि पाणी द्यायला माणूस नाही. रोगाचे विष सर्वांसाठी एकच होते. ते पचवायची सोय मात्र सर्वांना सारखी नव्हती. बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. घरातले सगळे पडले तरी उठून चूल पेटवणारी आणि उशाशी बसणारी तीच होती ना! माझी पणजीही आजाऱ्यांची पेज करता करताच पडली, असे आजोबा सांगत.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली. अकरा नोव्हेंबरला युद्धही संपले. आमच्या गावात त्या वर्षी आकाशकंदील चढला नाही, असे आजोबा म्हणत. विजयाची बातमी कुणी वाचली, कुणी ऐकली. पण ऐकायला माणसे किती उरली होती?

* * *

आता त्या जांभळ्या ओठांकडे वळू.

सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या कॅम्प डेव्हन्स या छावणीत हजारो शिपाई एकदम आजारी पडले. सरकारने तेथे नामांकित वैद्य पाठवले. त्यांत विल्यम वेल्च होते. वय अडुसष्ट, अमेरिकेतील रोगनिदानशास्त्राचे ते भीष्माचार्यच. जन्मभर त्यांनी शवविच्छेदने केलेली. शवागारात एका शिपायाची छाती उघडली गेली आणि आतली निळसर, फुगलेली, पाण्याने चिंब झालेली फुप्फुसे पाहून हा म्हातारा हादरला. हा काहीतरी नवाच संसर्ग असावा किंवा एखादी महामारी, असे ते बोलून गेले. बरोबरच्या तरुण डॉक्टरांना रोगापेक्षाही वेल्च घाबरलेले पाहून अधिक भीती वाटली, अशी आठवण त्यांतल्याच एकाने सांगून ठेवली आहे.

खाटकाच्या दुकानात बोकडाचे फुप्फुस ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ठाऊक असेल की निरोगी फुप्फुस गुलाबी आणि हलके असते. त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो, कारण त्यात हवा भरलेली असते. या शिपायांची फुप्फुसे दगडासारखी जड झाली होती. त्यांचा तुकडा पाण्यात बुडत असे. हवेची जागा पाण्याने आणि रक्ताने घेतली होती. कोरड्या जमिनीवर, खाटेवर निजलेला तरणाताठा माणूस आतल्या आत बुडून मेला होता.

हे कसे घडते, ते समजायला आधी फुप्फुसाची रचना पाहू. घशातून खाली गेलेली श्वासनळी दोन फांद्यांत विभागते. त्या फांद्यांना पुन्हा दोन, त्यांना पुन्हा दोन. अशा सुमारे तेवीस वेळा फांद्या फुटत जातात. झाड उलटे टांगावे तसे ते दृश्य. आणि या झाडाला पाने नसून द्राक्षांच्या घडांसारखे वायुकोश लागलेले असतात. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी! हे सगळे कोश उलगडून जमिनीवर पसरले, तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या सहा खोल्यांची ती जमीन झाली. एवढा विस्तार विधात्याने आपल्या छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवला आहे.

वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते, की एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाहूनही तिची जाडी कमी भरेल. भिंतीच्या अलीकडे हवा, पलीकडे केशवाहिनीतले रक्त. हवेतला प्राणवायू भिंतीतून रक्तात जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड हवेत येतो. ही देवघेव आपण झोपेत असतानाही चालू असते. भिंतीत दोन जातींच्या पेशी असतात. पहिल्या जातीच्या पेशी फरशीसारख्या चपट्या. बहुतेक सगळी भिंत त्यांनीच झाकलेली. दुसऱ्या जातीच्या पेशी लहान, गोलसर आणि थोड्याशा जागेत दाटीने बसलेल्या, पण कामाच्या. त्या एक प्रकारचे वंगण तयार करतात.

या वंगणाचे महत्त्व आपल्या परकरी मुलींनाही समजेल. नुसत्या पाण्याचा फुगा होत नाही. पाण्यात रिठा घोळला की फुगा होतो. वायुकोशांच्या आतली भिंत ओलसर असते. नुसते पाणी असते, तर ओल्या कागदासारख्या त्या भिंती प्रत्येक श्वास सोडताना एकमेकींना चिकटल्या असत्या. हे वंगण रिठ्याचे काम करते. कोश मिटू देत नाही. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांची जी बाळे श्वासावाचून दगावतात, त्यांच्या फुप्फुसात हे वंगणच पुरेसे नसते. बाळांच्या दुखण्यातून मोठ्यांच्या दुखण्यावर उजेड पडला.

* * *

पण १९१८ मध्ये मुळात शत्रू कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली एक जिवाणू दाखवून, इन्फ्लुएंझाचे मूळ हेच, असे सांगितले होते. सगळे त्यालाच शोधत होते. काही मृतांत तो सापडे, काहींत सापडत नसे. चोर म्हणून ज्याला धरले, तो चोरी झाल्यावर घरात शिरलेला दुसराच भुरटा होता.

खरा चोर सापडला १९३३ साली, लंडनमध्ये. विल्सन स्मिथ, ख्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी आजारी माणसाच्या घशातले पाणी अतिशय बारीक गाळणीतून गाळले. त्या गाळणीतून जिवाणू पलीकडे जाऊ शकत नव्हते. ते गाळलेले पाणी त्यांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातले. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप भरला. पुढे एक आजारी फेरेट नेमके स्मिथसाहेबांच्या तोंडावर शिंकले आणि साहेब तापाने आडवे झाले! शास्त्राच्या इतिहासात शिंकेला एवढा मान क्वचितच मिळाला असेल. गाळणीतून जाणारी ती वस्तू म्हणजे विषाणू. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. स्वतः ना खाणारा, ना वाढणारा. दुसऱ्याच्या पेशीत शिरून, तिच्याच भांड्यांत तिच्याच शिध्याचा स्वयंपाक करून आपली पिलावळ वाढवणारा पाहुणा.

साधा फ्लू बहुधा नाक, घसा आणि श्वासनळीपर्यंत राहतो. श्वासनळीच्या आतल्या अंगाला सूक्ष्म लव असते. ती भाताच्या शेतातल्या रोपांसारखी एका लयीत डोलते आणि धूळ, जंतू, शेंबूड वर ढकलत राहते. विषाणू या पेशी मारतो, लव झडते, आठवडाभर खोकला येतो आणि पेशी पुन्हा उगवतात. पण कधी विषाणूच जबर असतो, कधी माणूस अशक्त असतो, आणि तो खाली वायुकोशांपर्यंत उतरतो. मग चित्र पालटते.

चपट्या पेशी मरून गळतात. भिंतीला भोके पडतात. केशवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातले प्रथिनयुक्त पाणी कोशात साचते. वंगण करणाऱ्या पेशीही मरतात, त्यामुळे जे कोश पाण्याने भरलेले नाहीत, तेही मिटून जातात. साचलेल्या पाण्यातली प्रथिने आणि मेलेल्या पेशींचा चोथा यांचा, भिंतीला सारवण घालावे तसा, गुळगुळीत थर आतून बसतो. आता हवा आत आली तरी सारवलेल्या भिंतीतून पलीकडे जाणार कशी? रक्त फुप्फुसातून फिरून जाते, पण प्राणवायू न घेताच परत येते. प्राणवायू असलेले रक्त लाल, नसलेले काळपट. ओठांची आणि नखांखालची त्वचा पातळ असते. तिथे हा रंग आधी दिसतो.

पणजीचे ओठ जांभळे होते, ते यामुळे.

यात आणखी एक दुःखाची गोष्ट आहे. घरात चोर शिरला म्हणून गावकरी काठ्या घेऊन धावतात आणि अंधारात घरातलीच भांडी, कणग्या, माणसेही झोडपून काढतात, तसे शरीराचे होते. विषाणूची चाहूल लागताच पेशी रासायनिक हाका देतात. पांढऱ्या पेशींच्या झुंडी फुप्फुसात उतरतात आणि विषाणूबरोबर आपल्याच भिंतींवर तुटून पडतात. १९१८ मध्ये म्हातारे आणि तान्ही मुले यांच्याबरोबर वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे एवढी का मेली, याचे एक कारण त्यांच्या शरीराचा हा जोरकस प्रतिकारच असावा, असे पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटते.

आणि तो भुरटा? लव झडलेली, भिंती उघड्या पडलेल्या. असे घर म्हणजे न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंना आयते आवतणच. २००८ साली जुन्या शवविच्छेदनांची कागदपत्रे आणि जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. त्यांवरून दिसले, की १९१८ मधले बहुतेक मृत्यू विषाणूपाठोपाठ आलेल्या या जिवाणूंच्या न्यूमोनियाने घडले होते. पेनिसिलीन सापडायला अजून दहा वर्षे होती आणि ते औषध म्हणून हाती यायला वीसहून अधिक.

* * *

हे सगळे आपल्याला कळले, त्यामागे एका माणसाच्या चिकाटीची कथा आहे. अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाचे एक लहानसे गाव आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत तेथल्या ऐंशी प्रौढांपैकी बहात्तर मेले. गोठलेल्या जमिनीत एकाच खड्ड्यात त्यांना पुरले. १९५१ साली योहान हल्टिन नावाचा विद्यार्थी तेथे गेला, गावकऱ्यांची परवानगी घेऊन त्याने ती जमीन उकरली, आणि फुप्फुसांचे तुकडे घेऊन आला. प्रयोगशाळेत त्यातून विषाणू जिवंत होतो का, हे त्याने परोपरीने पाहिले. झाला नाही. हल्टिन दुसऱ्या कामाला लागला.

सेहेचाळीस वर्षे गेली. १९९७ मध्ये त्याने वाचले, की जेफ्री टॉबेनबर्गर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१८ साली दगावलेल्या एका एकवीस वर्षांच्या शिपायाच्या फुप्फुसाच्या तुकड्यातून विषाणूच्या जनुकांचे अंश काढले आहेत. तो तुकडा मेणात बंद करून ऐंशी वर्षे सरकारी कोठीत पडून होता. हल्टिन तेव्हा बहात्तर वर्षांचा. त्याने पत्र लिहिले, बायकोची बागेतली कात्री उचलली आणि एकटाच ब्रेव्हिग मिशनला गेला. पुन्हा गावाची परवानगी घेतली. खड्ड्यात एका स्थूल स्त्रीचा देह सापडला. अंगावरच्या चरबीने तिची फुप्फुसे टिकवून धरली होती. त्याने तिला नाव दिले ल्यूसी. काम झाल्यावर माती पूर्ववत लोटली, आणि कुजून गेलेल्या जुन्या खुणांच्या जागी लाकडाचे दोन नवे क्रूस स्वतः करून उभारले. मला त्याचे शास्त्र मोठे वाटतेच. पण हे क्रूस अधिक मोठे वाटतात.

ल्यूसीने दिलेल्या तुकड्यातून २००५ पर्यंत विषाणूची आठही जनुके वाचून झाली, आणि कडेकोट बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेत तो विषाणू पुन्हा उभा करण्यात आला. उंदरांची फुप्फुसे त्याने थोड्या दिवसांत उद्ध्वस्त केली. पुढे २००७ मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगात शरीराचा तो बेभान प्रतिकार स्पष्ट दिसला. कॅम्प डेव्हन्समध्ये वेल्चसाहेबांना पडलेल्या कोड्याला उत्तर मिळायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

* * *

कोरोनाचा विषाणू इन्फ्लुएंझाच्या कुळातला नव्हे. त्याची कुलूप उघडण्याची किल्ली निराळी. पण ज्या कुलपाला ती लागते, ते वंगण करणाऱ्या त्या कामसू पेशींवरही असते. त्यामुळे तो आत शिरला, की पुढची वाट ओळखीचीच. गळणाऱ्या भिंती, मिटलेले कोश, सारवण. एक गोष्ट मात्र त्याने जास्त केली. २०२० साली कोरोनाने गेलेल्यांची आणि फ्लूने गेलेल्यांची फुप्फुसे शेजारी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा कोरोनाच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत रक्ताच्या बारीक गुठळ्या नऊपट अधिक दिसल्या. हवेची वाट बंद आणि रक्ताचीही.

त्यातून कित्येकांना धाप लागल्याचे कळतच नसे. माणूस बोलतो आहे, चहा पितो आहे आणि प्राणवायू मात्र उतरत चालला आहे. म्हणून बोटाला लावायचा तो चिमटा घरोघर आला. ओठ जांभळे होण्याची वाट न पाहता रक्ताचा रंग प्रकाशाने वाचणारी ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली काढली. तिची सर्वाधिक गरज असताना, एप्रिल २०२० मध्ये, ते वारले. माझ्या आजोबांना जे जांभळाएवढे स्पष्ट दिसले, ते हा चिमटा कितीतरी आधी सांगतो.

उपायांचेही असेच. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओने श्वास थांबलेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस हाताने पिशवी दाबून त्यांना जगवले. आजच्या अतिदक्षता विभागाचा तो आरंभ. पुढे यंत्रे आली. पण जोराने हवा कोंबली तर उरलेले कोशही फाटतात, हे कळायला २००० साल उजाडले. लहान लहान श्वास दिल्याने मृत्यू कमी झाले. २०१३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी सिद्ध केले, की अत्यवस्थ रुग्णाला दिवसाचे सोळा-सतरा तास पालथे निजवले, तर महिन्याभरात शंभरांत तेहेतीसऐवजी सोळाच दगावतात. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. माणूस पालथा झाला की तो उघडतो. आणि २०२० च्या जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने यंत्रावर असलेल्यांतले एक तृतीयांश मृत्यू टळतात, असे इंग्लंडमध्ये दिसून आले. त्या काठ्या घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांना शांत करणारे हे औषध.

जे वाचतात, त्यांच्या फुप्फुसात नवल घडते. उरलेल्या कामसू पेशी पटापट वाढतात, भिंतीवर पसरतात आणि चपट्या होऊन फरशीची जागा घेतात. सारवण हळूहळू उचलले जाते. महिन्यांनी घर पुन्हा नांदते होते. नुकसान फारच झाले असेल, तर मात्र तेथे व्रण राहतो. भिंत जाड आणि ताठ होते, आणि माणसाला जिना चढताना दम लागतो. बाहेरून तो बरा दिसतो, म्हणून घरची माणसे त्याला आळशी म्हणतात. वाचकांच्या घरी असे कुणी असेल, तर त्याला तसे म्हणू नये.

* * *

ती मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या दिवाळीत वडिलांनी दिलेला फराळाचा डबा घेऊन ती आमच्याकडे आली. मी तिला परसदारी जात्यापाशी बसवले, पणती दाखवली, आजोबांची जांभळांची गोष्ट सांगितली. मग कागदावर झाड काढले, द्राक्षांचे घड काढले आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. "फुप्फुसं कुठं जात नाहीत, बाळ. ती तिथंच असतात. त्यांच्या भिंती गळतात, आत पाणी भरतं, आणि हवेला रक्तापर्यंत पोचता येत नाही. तुझ्या आईचं शरीर शेवटपर्यंत झगडत होतं. जरा जास्तच झगडत होतं. त्यात तिचं काही चुकलं नाही. तुम्हा कुणाचंही नाही."

शेवटचे वाक्य मी का जोडले, ते मलाच नीट ठाऊक नव्हते. तिने बराच वेळ कागदाकडे पाहिले. मग म्हणाली, "मला खोकला झाला होता, सर, आईच्या आधी. मला वाटायचं, माझ्यामुळंच." थोड्या वेळाने कागदाची घडी घालीत ती पुन्हा म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचं होतं."

खरे होते. तेव्हा मला येत नव्हते, हे काही उत्तर नव्हे. तेव्हा मी शोधायला हवे होते. चार वर्षांच्या माझ्या आजोबांना तर कुणी कधीच सांगितले नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

पणतीतले तेल संपत आले होते. तिने आपण होऊन बुधली उचलली आणि थोडे घातले.